तीन घोड्यांची नाव

पिंपळघाट, ता. आर्वी
९ सप्टेंबर १९५६

रूपराव भाऊजी,

पाकीट पाहून घाबरू नका. घरात सगळे जिवंत आहेत आणि दोन वेळा जेवतात. कार्ड टाकलं असतं, पण आपले पोस्टमन बापूजी कार्ड आधी स्वतः वाचतात, मग वाटेत भेटेल त्याला ऐकवतात, आणि उरलं तर पेटीत टाकतात. म्हणून हे पाकीट.

पाच वर्षांत तुम्ही दर दिवाळीला एक कार्ड पाठवलंत. त्यावर दरवेळी तीच ओळ, मी खुशाल आहे, काळजी नसावी. काळजी नसावी हे मला सांगणारे तुम्ही कोण? मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे होता. मी रीतीप्रमाणे 'अहो भाऊजी' म्हणून हाक मारायची आणि तुम्ही मागे वळून बघायचे, की हे भाऊजी कोण आले बुवा. तुमच्या आईंच्या माघारी तुमच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात. तेव्हा काळजीचं माझं मी बघेन.

आज कामासाठी लिहिते आहे. आपल्या तालुक्यात सरकारनं विकास गट काढला आहे. सरपंच मधुकरराव त्या कचेरीतून बातमी घेऊन आले की घाटावरच्या नावेला मोटार बसवायची असेल तर गट मदत करील. नावेच्या मागे टांगायची मोटार, तीच ती, जिच्यापायी आपल्या घरात एवढं रामायण झालं. पुलगावला लष्करवाल्यांची मोटारबोट पाहून आलात काय, आणि मामाजी बाजाराला गेलेले पाहून मोटारीसाठी बापाच्या नावेच्या शेपटीला करवत लावलीत काय. मामाजी परतले तेव्हा करवत बोटभर आत गेली होती. ते घाटावर उभे राहून काय बोलले ते तुमच्या कानात असेलच. माझ्याही आहे. मी ते उकरून काढत नाही.

पण मोटार कोणती घ्यावी हे इथं कोणालाच कळत नाही. मधुकरराव म्हणतात की ती घोड्यांवर मोजतात. दोन घोड्यांची येते, पाचाची येते, दहाचीही येते. तुम्ही मुंबईला लाँचच्या कारखान्यात आहात, रोज हेच करता. आपल्या नावेला किती घोडे लागतील ते कळवा. सरपंचांच्या वतीनं विचारते आहे. मामाजींनी विचारायला सांगितलेलं नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा.

मामाजी बरे आहेत. नाव चालू आहे. माझं अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर राग मानू नका, तळहाताला थोडं लागलं आहे.

तुमची वहिनी,
अनुसया

*

पिंपळघाट
३ ऑक्टोबर १९५६

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. चक्क दोन पानं! त्यातलं दीड पान प्रश्नच. नाव किती लांब, किती रुंद, माणसं किती बसतात, बैल चढवता का, धार कशी, तळाला दगड कुठं, आणि शेवटी, मोटार धरणार कोण. मास्तरांनीही मला सातवीच्या परीक्षेत एवढं विचारलं नव्हतं.

मी पत्र ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं. मामाजी जाळं विणत होते. म्हणजे हातात जाळं होतं, सुई एका जागी थांबली होती. वाचून झाल्यावर म्हणाले, "त्याले काऊन विचारलं? त्याच्याबिगर मोटारी चालत नाई काय जगात?" मी म्हटलं, सरपंचांनी विचारायला लावलं. तर म्हणाले, "मंग सरपंचाले सांग, दहा घोडे आण म्हणा. आणाचंच हाय तं लहान काऊन आणाचं?"

गावाचा हिशेब वेगळाच आहे. चावडीवर ठरलं की घोडा काही आपल्याजवळ नाही, बैल आहेत, तर बैलांनी मोजू. गेल्या सोमवारी नावेला दोर बांधला, धारेच्या उलट्या अंगाला बैल जुंपले आणि नाव वर ओढली. एका जोडीनं हलली नाही. दोन जोड्यांनी रखडत आली. मग सगळे बसले, घोड्याची ताकद मोठी की बैलाची. मधुकररावांच्या मते घोडा मोठा, त्यांच्या चुलत्याच्या मते बैल, आणि एवढ्या वादात नाव सुटून खाली वाहत गेली. शेवटी ठरलं की आठ घोडे. मामाजींचे दहा ते दहाच.

मापं पाठवते आहे. वीत कोणाची मोठी कोणाची लहान, त्यावर विश्वास नको म्हणून सुतळीच पाठवते. लांब सुतळी नावेची, आखूड रुंदीची. तिसऱ्या सुतळीला मध्ये एक गाठ आहे. नाव भरली की पाणी तळापासून त्या गाठीपर्यंत चढतं. पहिल्या दोन सुतळ्या मी मोजल्या. तिसरी मोजताना मामाजी पाठीशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुले समजत नाई, आन इकडं," आणि गाठ त्यांनी मारली. गाठ कोणाच्या हातची आहे ते तुम्ही न सांगता ओळखलं असतं म्हणा.

बैल आपण चढवत नाही. दहा माणसं आणि त्यांच्या शेळ्या, एवढंच. धार तुम्हाला माहीत आहे. मोटार मामाजी धरतील.

अनुसया

*

पिंपळघाट
१० नोव्हेंबर १९५६

भाऊजी,

दिवाळी झाली. तुम्ही नेहमीचं कार्ड पाठवलं नाहीत, त्याऐवजी चार पानांचं पत्र आलं, त्यामुळे माझी दिवाळी जास्त चांगली झाली. आणि ऐकलंत का, एक तारखेपासून आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. मी मामाजींना म्हटलं, भाऊजी घर सोडून मुंबईला गेले, तर आता मुंबईच त्यांच्या मागोमाग आपल्या घरी आली. ते हसले नाहीत. पण संध्याकाळी नातीला, बायजाला, तेच सांगत होते, स्वतःचं असल्यासारखं.

तुमचं पत्र दोनदा वाचून दाखवावं लागलं. दहा घोड्यांची मोटार आपल्या नावेला लावली तर शेपटी पाण्यात बसेल आणि तोंड आभाळाकडं जाईल, हे ऐकून मामाजींनी नाक उडवलं. जुन्या फळ्यांचे खिळे हादरून निघतील, हे ऐकल्यावर मात्र विणणं थांबलं. नावेचं काही दुखलं की त्यांना लगेच ऐकू येतं, बाकीच्यांचं जरा उशिरा.

मग तो भाग आला. तुम्ही लिहिलंत की गावानं बैल धारेच्या तोंडावर जुंपले तिथंच हिशेब चुकला. आपली नाव धारेशी कधी झुंजतच नाही. आपण ती काठाकाठानं पिंपळापर्यंत वर ओढत नेतो आणि मग सोडतो, नदीच तिला तिरपी पलीकडच्या घाटाला नेऊन लावते, माणसानं फक्त तोंड धरायचं. मोटार आली तरी तसंच जायचं, सरळ जायचा हट्ट करायचा नाही, आणि तसं गेलं तर तीन घोडे पुष्कळ झाले. 'नदीले आडवं पडाचं नाई, तिले इचारून जाचं', असं तुम्ही आपल्या बोलीत लिहिलंत.

मामाजी म्हणाले, "थांब. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"हे त्याचं नाई, माहं हाय. मीच सांगतलं होतं त्याले. एवढासा होता, नावेच्या तोंडावर बसवून सांगतलं होतं." मग जाळं बाजूला ठेवून आत गेले. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "तीनच लिव म्हणा सरपंचाले."

तर तीन घोडे ठरले. सरपंचांची समजूत घालायला मात्र दोन दिवस गेले. पलीकडच्या वऱ्हाडातल्या घाटावर ताराचंद शेठ पाच घोड्यांची आणणार असं त्यांनी ऐकलं आहे, आणि आपण तीनच कशी आणायची, गावाची शोभा ती काय राहिली.

तुम्ही नावेच्या शेपटीचं विचारलंत. ती अजून तशीच निमुळती आहे. मागं सपाट फळी नसेल तर मोटार नीट बसत नाही, कडेला आडवं लाकूड बांधून लावता येते पण मग नाव एका अंगाला ओढते, हे समजलं. ते मी वाचून दाखवलं नाही. सवडीनं सांगेन.

आणि तुम्ही सांगितलेली वाळूची परीक्षा झाली. पुराच्या दिवसांत मोटार घाटावर ठेवता येणार नाही, रोज संध्याकाळी काढून घरी आणावी लागेल, म्हणून एका पोत्यात मणभर वाळू आणि दुसऱ्यात अर्धा मण भरून मामाजींना घाट चढायला लावा असं तुम्ही म्हटलं होतं. तसं केलं. मणाचं पोतं पिंपळाच्या पारापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. अर्ध्या मणाचं थेट ओसरीत आलं. मोठ्या पोत्यापायी दोन बांगड्या फुटल्या, बाकी नुकसान काही नाही.

अनुसया

*

पिंपळघाट
२ डिसेंबर १९५६

भाऊजी,

एका ओळीचं पत्र आलं. 'बाबा बांगड्या कधीपासून भरू लागले?'

मी आधी हसले. मग चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून रडले. शंभर ठिकाणी जपून लिहिलं आणि दोन बांगड्यांनी घात केला.

मामाजी ओसरीतून म्हणाले, "काय लिवलं त्यानं? वाच." मी म्हटलं, काही नाही, खुशाली. ते म्हणाले, "खुशालीनं कोणी रडते काय? वाच." वाचलं. मग म्हणाले, "पकडलं पोट्ट्यानं." रागानं नाही म्हणाले. तुम्ही लहानपणी पहिला वाम मासा धरून आणला होता तेव्हा जसे म्हणाले होते ना, तसे.

आता लपवून उपयोग नाही. गेल्या वर्षी पोळ्याच्या पुरात मामाजींचा बांबू तळाच्या दोन दगडांत अडकला. नाव धारेनं पुढं आणि बांबू मागं. नावेत बाया होत्या, लेकरं होती. त्यांनी बांबू सोडला नाही. माणसं उतरली, पण मामाजींचा उजवा हात खांद्यापासून गेला. आर्वीला दाखवलं, सेवाग्रामलाही नेलं. हात आहे, जेवता येतं, जाळं विणता येतं, पण कानाच्या वर उचलत नाही. तुमचे भाऊ हिंगणघाटच्या गिरणीत. महिन्यातून एकदा येतात, ते नाव चालवायला म्हणून गिरणी सोडून आले तर खायचं काय? मग मी बांबू हातात घेतला.

पहिल्या दिवशी लोक नावेत बसेनात. बाई नाव हाकते हे त्यांनी बापजन्मात पाहिलं नव्हतं. मामाजी स्वतः येऊन नावेच्या मधोमध मांडी घालून बसले. म्हणाले, "मी बसतो. ज्याले याचं त्यानं या, नाईतं पोहून जा." तेव्हापासून ते दर खेपेला बसतात. तोंडानं नाव तेच चालवतात, हात माझे. "डावीकडं दाब. आता सोड. अवं सोड म्हणतो, धरून काय राह्यली!" भाऊजी, मला शाळेतही एवढी बोलणी बसली नाहीत. पण आता माझे मलाच धारेचे वळसे कळतात. कधीकधी मधल्या पाण्यात मला फार बरं वाटतं, इतकं की घरी येऊन भाकरी थापावीशी वाटत नाही. हे तुमच्या भावाला सांगू नका.

तुम्हाला कळवायचं नाही अशी मामाजींची ताकीद होती. "त्याले समजलं तं म्हणन, बुढा हारला." म्हणून मी लपवलं. आणि माझंही एक कारण होतं. तुम्हाला कळलं असतं तर दुसऱ्या गाडीनं आला असता, मला ठाऊक आहे. वैनीच्या हाताला फोड आले म्हणून आला असता. बांबू घेतला असता, मामाजींकडं पाठ करून नाव चालवली असती, आणि दोघं एका नावेत मुक्यानं बसला असता. तसं येणं मला नको आहे.

खरी अडचण आता सांगते. घाटाचा ठेका चैत्रात नव्यानं द्यायचा आहे. ताराचंद शेठनं वर अर्ज केला आहे की या काठाला नावाडी उरलेला नाही, तर दोन्ही काठ आपल्यालाच मिळावेत. घाट गेला तर घाटावरचं घरही गेलं. मामाजी शेतात निंदायला जातील असं तुम्हाला वाटतं? ते दुसऱ्याच्या नावेत बसून नदी ओलांडतील असं वाटतं? मला नाही वाटत. म्हणून मोटार पाहिजे, आणि ती मला उचलवेल एवढीच पाहिजे. नदीवरून पाण्याचा भरला गुंड मी रोज घाट चढवते. त्याहून थोडी जड असली तरी चालेल.

अनुसया

*

पिंपळघाट
१९ मार्च १९५७

भाऊजी,

जुनी मोटार मिळाली आणि सुटीच्या वेळात तुम्ही ती खोलून दुरुस्त करत आहात, हे वाचून जीव भांड्यात पडला. मधुकररावांनी गटाचे कागद तुमच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवले आहेत.

परवा घाट पाहायला ठेका देणारे साहेब आले. नदीला पाणी कमी झालं आहे, पण डोहात अजून नाव चालते. ताराचंद शेठ बरोबर होते, पांढरं धोतर आणि छत्री. साहेबांनी विचारलं, नावाडी कोण? मी बांबू घेऊन उभीच होते, पण डोक्यावर पदर आणि मान खाली. शेठ हसून म्हणाले, "मी सांगितलं ना साहेब, नावाडीच नाही. म्हातारा आहे, त्याचा हात गेला. मुलगा घर सोडून गेला."

मुलगा गेला हा शब्द मामाजींसमोर पाच वर्षांत कोणी काढला नव्हता. मामाजी उठले, डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "नावाडी हे हाय. माही सून. बसा नावेत. अन् पोरगा गेला नाई, मुंबईले मोटार कराले गेला हाय. मोटार घेऊनच येईन."

भाऊजी, हे मी माझ्या मनाचं लिहीत नाही. बायजाची शपथ, हेच शब्द.

साहेब बसले. शेठही बसले, छत्री उघडून. मी पिंपळापर्यंत वर ओढली, सोडली आणि तिरपी नेऊन पलीकडच्या घाटाला लावली, फळी दगडाला घासलीसुद्धा नाही. मामाजी वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पहिल्यांदाच. साहेबांनी एक वर्षासाठी घाट आपल्याकडं ठेवला आहे, पण पुरात एकट्या बाईच्या भरवशावर माणसं सोडता येणार नाहीत, मृगाच्या आत मोटार लागलीच पाहिजे असं लिहून दिलं आहे. लागली नाही तर घाट शेठकडं.

परतताना मी म्हटलं, मामाजी, भाऊजी येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, "मले कोण सांगते. मी शेठाले सांगून राह्यलो होतो." आणि वळून चालू लागले.

अनुसया

*

पिंपळघाट
४ मे १९५७

भाऊजी,

मोटार पोचली. पुलगाव स्टेशनवरून मधुकररावांच्या छकड्यात आली. सारं गाव पेटीभोवती जमलं. गवत बाजूला केलं आणि मोटार दिसली तेव्हा मधुकररावांचे चुलते म्हणाले, "एवढीशी? याच्यात तीन घोडे कोठी मावले?" मी ती उचलली आणि सगळ्यांसमोर ओसरीत नेऊन ठेवली. एका दमात.

ओढायच्या दोरीच्या मुठीवर तुम्ही सुताची पट्टी गुंडाळली आहे. मी ती हातात धरून पाहिली. बोटं बरोबर बसली. माझा हात तुम्ही कधी मोजला होता हो? आर्वीच्या जत्रेत धरून चालायचे तेव्हा?

पेटीत तुम्ही येणार असल्याची चिठ्ठी असेल म्हणून मी सगळं गवत दोनदा चाळलं. मामाजींनी ते पाहिलं. चिठ्ठी होती, पण ती पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं याची. आणि कडेला बांधायचं लाकूडही तुम्ही मापानं कापून पाठवलं आहे, म्हणजे शेपटीला हात लावायला नको. खाली लिहिलंत, 'बाबांच्या नावेवर करवत चालवायला मी पुन्हा सांगणार नाही.' मी ते वाचून दाखवलं. सगळं वाचून दाखवलं, शेपटीचंही.

लाकूड बांधून डोहात उतरवली. दोरीच्या तिसऱ्या ओढीला मोटार सुरू झाली, तो आवाज ऐकून बायजा माझ्या पायाला चिकटली. पण तुम्ही म्हटलं होतं तसंच झालं. नाव एका अंगाला ओढते. रिकाम्या नावेला मी सांभाळलं, पण दहा माणसं आणि पुराचं पाणी असताना माझ्याच्यानं होणार नाही. मामाजी काठावर उभे होते. बघत होते. रात्री जेवले नाहीत.

नाव आता काठावर पालथी घातली आहे, उन्हाळ्याची राळ भरायला. मामाजी दिवसभर तिच्या शेपटीजवळ बसतात. तुमच्या करवतीची ती खाच त्यांनी त्याच वर्षी राळ आणि कापूस कोंबून बुजवली होती. तिच्यावरून अंगठा फिरवत बसतात. ही नाव त्यांच्या वडिलांनी हिंगणीच्या जंगलातून सागवान आणून बांधली. काय बोलू? मृग महिन्यावर आला आहे.

अनुसया

*

पिंपळघाट
२० मे १९५७

भाऊजी,

हे पत्र मिळताच उभ्याउभ्या वाचू नका. बसून वाचा.

गेल्या मंगळवारी मी भांडी घासत होते, तर घाटाकडून करवतीचा आवाज आला. पालथ्या नावेपाशी मामाजी गुडघ्यावर बसलेले. एका हातानं करवत ओढत होते, आणि ती मोठी दोन माणसांची करवत, एका हातानं ती वाकडी वाकडी जाते. मी धावत गेले. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "उभी काय राह्यली? दुसरी मूठ धर."

मी धरली. तेव्हा दिसलं. त्यांनी नवी रेघ आखलेलीच नव्हती. तुमच्या खाचेतली राळ खरवडून काढली होती आणि करवत त्याच खाचेत घातली होती. मी म्हटलं, मामाजी, माप तर घ्या. ते म्हणाले, "माप त्यानं तवाच घेतलं होतं. मी पाह्यलं होतं का? त्याच्यावर हात टाकाच्या आधी माप तं पाहाचं होतं. बराबर हाय. एक बोट इकडं नाई, एक बोट तिकडं नाई."

शेपटी कापून पडली तेव्हा त्यांनी ती उचलली आणि घरात नेऊन देवाशेजारी ठेवली. मग सुतार बोलावला नाही. सागाची नवी फळी स्वतः तासली, मी धरून बसायची. तीन दिवस लागले. मोटार तिच्यावर अशी बसते की जणू नाव जन्मली तेव्हापासून तिथं आहे.

आपल्या घाटाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नव्या फळीचा शेवटचा खिळा ज्याच्या हाती नाव जाणार त्यानं ठोकायचा. मामाजींनी त्यांच्या वडिलांच्या हयातीत ठोकला होता, ते दर दसऱ्याला सांगतात. सगळे खिळे झाले आणि दोन भोकं उरली. मी म्हटलं, मोजायला चुकलात का? त्यांनी कंबरेचा बटवा सोडला, त्यातून दोन खिळे काढले आणि एक माझ्या हातावर ठेवला. "हा तुहा. ठोक." भाऊजी, बाईच्या हातचा खिळा नावेला आजवर लागलेला नाही. मी म्हटलं, मला नको, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, "लोकायले म्हणा, पोहून जा." मी ठोकला. पहिला घाव अंगठ्यावर बसला, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि खिळा दिसत नव्हता. अंगठा दुखतोच आहे, आणि मी आयुष्यात एवढी सुखी कधी नव्हते.

नाव डोहात उतरवली आहे. तीन घोडे नीट चालतात, अगदी तुमच्या सांगण्याप्रमाणे, तिरपे, नदीला विचारून. साहेबांचा माणूस येऊन बघून गेला. घाट आपला राहिला.

दुसरं भोक तसंच आहे. पाण्याच्या रेघेखालीच आहे ते. मामाजींनी त्यात कापूस भरला आहे, तरी पाणी झिरपतं. रोज सकाळी नावेत घोट्याएवढं साचलेलं असतं, आणि मामाजी चांगल्या हातानं पत्र्याच्या टोपल्यानं उपसत बसतात. काल मी म्हटलं, मामाजी, असं किती दिवस? घाला तो खिळा आणि मोकळे व्हा, नाहीतर राळ तरी भरा.

ते उपसायचे थांबले नाहीत. म्हणाले, "राळ नाई भराची. एकदा भरून पाह्यली. मी उपसतो, मले तेवढं काम राहू दे. तो आला का पाणी बंद होईन. लिव त्याले, बाप उपसून राह्यला म्हणा. मृगाच्या आधी येजो म्हणा."

तुमचा खिळा माझ्याजवळ आहे, पदराच्या गाठीत.

तुमची वहिनी,
अनुसया